वाटीभर आमटीत बावीस ग्रॅम प्रोटीन नसतं हो!

प्रति,
मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत तुम्ही प्रोटीनवर अख्खं पान दिलंत ते वाचलं, आवडलं, कापून फ्रिजवर चिकटवलं आणि तिथेच घोळ झाला म्हणून हे पत्र. त्या पानाच्या उजव्या कोपऱ्यात रंगीत चौकट आहे बघा, तिच्यात तूरडाळ २२ ग्रॅम, मूगडाळ २४ ग्रॅम, सोयाबीन ३६ ग्रॅम, अंडं १३ ग्रॅम असं छापलंय आणि शेजारी वाफाळत्या आमटीच्या वाटीचा झकास फोटो. आकडे चुकीचे नाहीत, हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात साधारण हेच आहेत, पण डाळींचे आकडे शंभर ग्रॅम कच्च्या कोरड्या डाळीचे आहेत हे चौकटीत कुठेच लिहिलेलं नाही. आमच्या ह्यांनी फोटो बघितला, आकडा बघितला, दोन्हीची सांगड घातली आणि जेवताना जाहीर केलं की दोन वाट्या आमटी प्यायली की चव्वेचाळीस ग्रॅम झाले, आपल्याला काही कमी नाही. हे असं म्हणणारे आमचे हे एकटेच नसणार, तुमचा पेपर घरोघर जातो.

मी सांगलीत हायस्कूलला तीस वर्षं विज्ञान शिकवलं, रिटायर होऊन तीन वर्षं झाली पण मोजायची खोड काही जात नाही. दुसऱ्या दिवशी केकसाठी आणलेला वजनकाटा काढला आणि आमची रोजची आमटीची डाळ मोजली. एक वाटी तूरडाळ, भरली १२५ ग्रॅम. तिची आमटी होते बरोबर दहा वाट्या, दुपारच्या सहा-सात आणि राहिलेली रात्री. १२५ ग्रॅम डाळीत प्रोटीन सत्तावीस ग्रॅम, त्याला दहानं भागा, एका वाटीला आले पावणेतीन ग्रॅमपेक्षा थोडे कमीच. बावीस नाही, पावणेतीन! ह्यांना बावीस ग्रॅम पाहिजेत तर आठ वाट्या आमटी प्यावी लागेल, मग भाताला जागा कुठे राहणार आणि रात्री किती वेळा उठणार ते सोडूनच द्या. तीच डाळ घोटून घट्ट वरण केलं तर पाच वाट्या होतात, म्हणजे वाटीला साडेपाचच्या आसपास. डाळ तीच, पातेलं तेच, फरक फक्त पाण्याचा.

अंड्याचंही तसंच झालंय. १३ ग्रॅम हे शंभर ग्रॅम अंड्याला, आणि एक अंडं टरफल काढून पन्नास ग्रॅमच्या आसपास भरतं, म्हणजे एका अंड्याला सहा-साडेसहा. आमच्या गल्लीतला एक मुलगा दोन अंडी खाऊन सव्वीस ग्रॅम लिहीत होता वहीत.

आणि मोडाबद्दल एक. मोड आणले की प्रोटीन दुप्पट होतं असं त्या पानावर एका तज्ज्ञ बाईंच्या तोंडी आहे. अहो, मटकीला मोड येताना ती पाणी पिते, वाटीभर मटकीच्या तीन वाट्या होतात त्या पाण्यानं. पचायला हलकी होते, सी व्हिटॅमिन वाढतं, उसळ तर काय झकासच होते, पण प्रोटीन जेवढं कोरड्या मटकीत होतं तेवढंच राहतं आणि आता ते तीन वाट्यांत वाटलं जातं. उसळीची वाटी वरणापेक्षा भरीव असते कारण तिच्यात पाणी कमी ओततो, एवढंच त्यातलं गुपित.

आता हे सगळं मी काट्याची मजा म्हणून लिहीत नाहीये, घरात घडलं म्हणून लिहितेय. माझ्या सासूबाई ८४ वर्षांच्या आहेत, माळकरी, वजन ४२ किलो. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला, आठ दिवस अंथरुणात होत्या, ताप गेला पण नंतर पाटावरून उठता येईना, खुर्चीतून उठताना पण दोन्ही हात टेकायचे आणि तरी एकदा परत मागे बसायच्या. डॉक्टरांकडे नेलं, रक्त लघवी एक्स-रे सगळं झालं, रिपोर्ट बरे आले, डॉक्टर म्हणाले वय झालं चालायचंच, टॉनिक लिहून दिलं. आम्ही पण मान डोलावून घरी आलो. वय झालं हे वाक्य फार सोयीचं असतं, त्याच्यापुढे कुणी काही विचारत नाही.

विचारलं ते आमच्या चिरंजीवांनी. तो पुण्यात आयटीत आहे, जिमला जातो, शनिवारी-रविवारी येतो तेव्हा बॅगेत तो काळा डबा घेऊन येतो, व्हे प्रोटीनचा, किलोला तीन हजाराच्या घरात. मी त्या डब्याला मनसोक्त नावं ठेवायचे. चीज करताना जे निवळ पाणी उरतं ते गाळून वाळवून विकतात आणि तू ते चॉकलेटच्या वासानं पितोस असं कायम ऐकवायचे त्याला. तर त्या दिवशी मी असंच काहीतरी बोलले आणि तो म्हणाला, "आई, माझं सोड, मी खातो ते मोजून खातो, आजीचं किती होतं दिवसाला ते सांग." मला सांगता येईना. तीस वर्षं पोरांना प्रथिने म्हणजे शरीराच्या विटा हे घोकून घेतलं आणि स्वतःच्या घरातल्या माणसाचं सांगता येईना!

मग कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला मांडलं आम्ही दोघांनी. सकाळ-दुपारचा चहा, त्यातलं दूध सगळं मिळून शंभर मिली, झाले सव्वातीन. त्याबरोबर खारी किंवा टोस्ट, धरा तीन. दुपारी अर्धी ज्वारीची भाकरी, साडेतीन. दोन घास भात, दोन. भाजी थोडी, एक. रात्री मऊ भात अडीच आणि पातळ ताक दीड. राहिली आमटी. आमटीचे मी अख्ख्या वाटीचे लिहायला लागले तर लेक म्हणाला, थांब, आजी कुठली आमटी घेते ते बघ. आणि खरंच की. आई कायम म्हणतात, "मला वरचं निवळ घाल, तळातलं पोरांना राहू दे." सून म्हणून या घरात आल्या तेव्हापासून त्या वरचंच घेतायत, तेव्हा घरात चौदा माणसं होती, पुरुष आधी जेवायचे, मग मुलं, आणि बायका बसायच्या तेव्हा पातेल्यात जे उरलं असेल त्यात पाणी घालून उकळी काढायची. आता घरात तीन माणसं आहेत, डाळ भरपूर आहे, तरी पळी बुडवायची ती वरच्यावर हे हातात बसलंय. त्यांच्याही आणि, लाज वाटते लिहायला, माझ्याही. म्हणून आमटीचा एक ग्रॅम लिहिला. बेरीज अठरासुद्धा भरेना.

पाहिजेत किती? पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे मोठ्या निरोगी माणसाला किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम, म्हणजे ४२ किलोला पस्तीस. आणि म्हातारपणी स्नायू झिजायचा वेग वाढतो, खाल्लेल्या प्रोटीनचा उपयोग करायची शरीराची ताकदही मंदावते, म्हणून साठी-पासष्टीच्या पुढे किलोमागे एक ते १.२ ग्रॅम असावं असं वृद्धांच्या आहारावर काम करणारे आता सांगतात. ते धरलं तर बेचाळीस ते पन्नास. आणि आमच्या घरात, जिथे कशालाच तोटा नाही, तिथे अठरा! त्यात तापाचे आठ दिवस नुसती पेज. पडून राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचे मांडीचे स्नायू दिवसागणिक उतरतात, ते परत यायला कच्चा माल नको का. वय झालं हे खरंच आहे पण वयाच्या नावावर आम्ही आमची पळी खपवत होतो.

वयस्कर माणसं काही मुद्दाम कमी खात नाहीत. दात नसतात, भूक नसते, दुपारचं जेवण अंगावर येतं, आणि चहा-बिस्कीट सोपं पडतं, द्यायलाही आणि खायलाही. घरोघर बघा, आजी-आजोबांचं खाणं म्हणजे मऊ भात, साबुदाणा, खारी, टोस्ट, केळं. सगळं पांढरं आणि मऊ. साबुदाण्यात तर प्रोटीन जवळजवळ नाहीच, नुसता स्टार्च तो, खिचडीत जे काही असतं ते दाण्याच्या कुटाचं. आमच्याकडे एकादशी न चुकता असते, म्हणून आता साबुदाणा कमी आणि कूट जास्त असा उलटा हिशेब केलाय, आणि राजगिऱ्याचं थालीपीठ.

बाकी काय बदललं ते थोडक्यात लिहिते कारण शेजारच्या तिघींनी विचारलं. आधी आईंचं क्रिएटिनिन बघून घेतलं, कारण किडनीचा त्रास असेल त्यांनी माझं किंवा पेपरातलं वाचून प्रोटीन वाढवायचं नाही, त्यांचा हिशेब डॉक्टरच सांगणार. मग सकाळच्या खारीच्या जागी मूगडाळीचं धिरडं, भिजवून वाटून केलेलं, तूप सोडून, मऊ लुसलुशीत, दात लागत नाहीत. दुपारी आमटी नाही तर घट्ट वरण, भाकरी त्यात कुस्करून. भाजीत कूट. जेवताना वाटीभर दही. रात्री मऊ भातात डाळ अर्धीअर्धी, म्हणजे खिचडीच ती, आणि झोपताना कपभर दूध. थंडीत हुलग्याचं माडगं, ते त्यांना माहेरची आठवण म्हणून आवडतं. हुलगे आपण म्हशी-बैलांना घालतो म्हणून हसतात लोक पण त्यात तूरडाळीइतकंच प्रोटीन आहे. हे सगळं मिळून चाळीसच्या वर जातं. एकही डबा विकत आणला नाही. आणि नुसतं खाऊन स्नायू येत नाहीत, म्हणून फिजिओथेरपीवाल्या मुलीनं दिलेला व्यायाम, खुर्चीतून उठणं-बसणं, सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा, आधी हात टेकून मग न टेकता. तीन महिन्यांनी त्या खुर्चीतून हात न टेकता उठतात. पाटावरून अजून हात द्यावा लागतो, चमत्कार काही झालेला नाही.

भाकरी आणि डाळ एकत्र का, हे तुमच्या पानावर एका ओळीत उरकलंय म्हणून जरा. प्रोटीन म्हणजे वीस प्रकारच्या अमिनो आम्लांची माळ, त्यातली नऊ शरीराला बनवता येत नाहीत, खाण्यातूनच यावी लागतात. ज्वारी गहू तांदूळ यात लायसिन कमी पडतं, डाळीत मिथिओनिन कमी पडतं, एकाचं उणं दुसरं भरून काढतं. तीन भाग धान्याला एक भाग डाळ असं साधारण प्रमाण. पिठलं-भाकरी, डाळभात, इडली, खिचडी सगळं यातच बसतं. पण लगेच आपल्या पूर्वजांना सगळं माहीत होतं वगैरे म्हणू नका प्लीज, मला त्याचा फार वैताग येतो. पूर्वजांना पिठलं-भाकरी माहीत होती, आणि बायकांनी शेवटी उरलेलं खायचं हेही त्यांनीच ठरवलेलं. तीनाला एक हे प्रमाण ताटात असावं लागतं, नुसतं घरात असून चालत नाही.

आता डब्याबद्दल. माझा डब्याला विरोध आहे असं नाही, तोंडानं खाता येत नाही, आजारातून उठलंय, अशांना डॉक्टर देतात तेव्हा घ्यावाच. पण पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की स्नायू कमावायला म्हणून सप्लिमेंट घेऊ नका, आणि त्याच वर्षी केरळच्या डॉक्टरांच्या पुढाकारानं भारतात मिळणारे ३६ डबे तपासले गेले त्यात जवळपास सत्तर टक्के डब्यांवरचा प्रोटीनचा आकडा आणि आतलं प्रोटीन जुळत नव्हतं, काहींत तर बुरशीचं विष सापडलं. हे कसं जमतं ते मी वर्गात सांगायचे. प्रोटीन थेट मोजायचं अवघड, म्हणून पदार्थातला नायट्रोजन मोजतात आणि त्याला ६.२५ नं गुणतात. म्हणजे नायट्रोजन असलेलं दुसरं काही स्वस्तातलं मिसळलं की कागदावर प्रोटीन वाढतं. चीनमध्ये २००८ साली दुधाच्या पावडरीत मेलामाइन घातलं ते याचसाठी, सहा बाळं गेली आणि तीन लाखांच्या आसपास मुलं आजारी पडली. आपल्याकडचे डबे तसे आहेत असं मी म्हणत नाही, पण लेबल म्हणजे वेद नव्हे. लेकाचं वजन ७२, त्याला साधे साठ ग्रॅम लागतात, जिमचं धरून जास्त, पण तो रोज चार अंडी आणि आठवड्यातून तीनदा चिकन खातो, त्याचं डब्याशिवायच भागतं. हे त्याला कॅलेंडरच्या मागेच दाखवलं. डबा संपला की नवीन आणणार नाही म्हणाला, बघू.

पैशाचा हिशेब पण करून ठेवलाय. आमच्या वाण्याकडे तूरडाळ १३० रुपये किलो, म्हणजे एका ग्रॅम प्रोटीनला साठ पैसे. अंडं सात रुपयांना, ग्रॅमला रुपया-सव्वा. डब्यातलं ग्रॅमला चार रुपये पडतं. डाळीचं प्रोटीन अंड्या-दुधाइतकं पूर्ण पचत नाही हे कबूल, पण सातपट फरक भरून निघेल एवढं काही ते नापास नाही.

तुमच्या पानाचं शीर्षक होतं की भारतीयांना प्रोटीन कमी पडतं. कुठल्या भारतीयांना, हे पान सांगत नाही. सरकारच्या २०२३-२४ च्या घरखर्च पाहणीत माणशी रोजचं प्रोटीन खेड्यात सुमारे ६२ ग्रॅम आणि शहरात ६३ ग्रॅम निघालं. सरासरी चांगलीच आहे की. पण आमच्या घराची सरासरी काढली असती तरी चांगलीच निघाली असती, ह्यांचं पंचावन्न, लेकाचं नव्वद, माझं पंचेचाळीस आणि आईंचं अठरा, भागिले चार, बावन्न! पाहणी घराला विचारते, पळी तळातून फिरली का वरून हे तिला कसं कळणार.

याच प्रश्नावर आपल्याच भागातल्या एका माणसानं जगाशी वाद घातला होता आणि आता त्यांचं नावही कुणी घेत नाही याचं वाईट वाटतं. डॉ. पां. वा. सुखात्मे, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, संख्याशास्त्रज्ञ, रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत सांख्यिकीचे प्रमुख होते. साठच्या दशकात सगळं जग ओरडत होतं की गरीब देशांत प्रोटीनचा खड्डा पडलाय, माशांच्या पावडरी करा, खास खाद्यं करा. सुखात्मे म्हणाले, आधी बघा पोट भरतंय का. आपलं साधं भाकरी-डाळीचं जेवण पोटभर मिळालं तर प्रोटीन बहुतेक त्यातच येतं, आणि पोटच भरत नसेल तर खाल्लेलं प्रोटीन शरीर सरपणासारखं जाळून टाकतं, विटा म्हणून वापरतच नाही. कॅलरी किती पुरतात यावर पुढे अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकरांशी त्यांचा मोठा वाद झाला, तो मला सगळा कळत नाही, पण सरपणाची गोष्ट पक्की आहे. आणि ती आजच्या डबेवाल्यांनाही लागू आहे आणि सरकारलाही.

सरकारला कशी, तर रेशनवर गहू-तांदूळ मिळतो, चांगलं आहे, पोट भरतं. डाळ नाही मिळत दर महिन्याला. सणाला आनंदाचा शिधा आला त्यात किलोभर चणाडाळ होती, ती एका घराला किती दिवस? शाळेतल्या पोषण आहारात पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम तांदूळ आणि २० ग्रॅम डाळ, म्हणजे आठ आणि चार, बारा ग्रॅम प्रोटीन, नियमाप्रमाणे बरोबर. आता डाळ त्या मोठ्या पातेल्यात तळाशी बसते हे मी शाळेत तीस वर्षं बघितलंय, पहिल्या वीस पोरांना पाणी आणि शेवटच्या वीस पोरांना डाळ. अंड्याला ही भानगड नाही. अंडं ढवळावं लागत नाही, पातळ करता येत नाही, प्रत्येकाच्या हातात अख्खं पडतं. एका उकडलेल्या अंड्यानं त्या पोराच्या बारा ग्रॅमवर थेट निम्मी भर पडते. नोव्हेंबर २०२३ मध्ये आपल्या राज्यानं आठवड्यातून एकदा अंडं, न खाणाऱ्यांना केळं असं सुरू केलं होतं. एकच, पण सुरू तर केलं होतं. जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे थांबवले आणि शाळांनी लोकसहभागातून बघावं असं सांगितलं. तिकडे तमिळनाडूत शाळेच्या पाचही दिवशी अंडं मिळतं. इतक्या लांब कशाला, मिरजेच्या पुढे म्हैसाळ ओलांडलं की कागवाड, कर्नाटक, तिथे २०२४ पासून आठवड्याचे सहा दिवस, त्यातले चार दिवस अझीम प्रेमजी फाउंडेशनच्या पैशातून. म्हणजे एकाच रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटरच्या अंतरात एका पोराला सहा आणि दुसऱ्याला शून्य. आणि आपण कोण, तर ज्यांच्या पुण्यात एनईसीसीचं, म्हणजे राष्ट्रीय अंडी समन्वय समितीचं, मुख्यालय आहे आणि संडे हो या मंडे रोज खाओ अंडे हे ज्यांनी देशाला ऐकवलं ते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानानं ठेंगणी आणि साडेपंचवीस टक्क्यांच्या जवळपास मुलं उंचीच्या मानानं रोड निघाली, देशाचा रोड मुलांचा आकडा १९ आहे. त्या मुलांना कमी पडतंय. फक्त प्रोटीन नाही, सगळंच कमी पडतंय, पण अंड्यात त्यातलं बरंचसं एकदम येतं.

अंडं नको म्हणणाऱ्या पालकांबद्दल मला आदर आहे, माझ्या घरात माळकरी सासू आहे. त्यांना विचारलं मी. त्या म्हणाल्या, "मी खात नाही म्हणून दुसऱ्याच्या लेकराच्या ताटातलं का काढू?" त्यांना हे कळतं.

तर संपादक साहेब, मागणं दोन. एक, ती चौकट परत छापा, कच्च्या डाळीची नाही तर शिजलेल्या वाटीची. आमटी वाटीभर पावणेतीन, घट्ट वरण साडेपाच, अंडं एक सहा-साडेसहा, दूध कपभर पाच, मूठभर फुटाणे किंवा शेंगदाणे सहा-सात, एक भाकरी सात, असं. तुमच्या कुणाला तरी वजनकाटा घेऊन स्वयंपाकघरात उभं करा, माझ्या आकड्यांवर जाऊ नका, माझी वाटी लहान आहे आणि तुमची आमटी आमच्याहून घट्ट असेल. दोन, तुमचे तालुक्या-तालुक्याला वार्ताहर आहेत. लोकसहभागातून अंडी द्या म्हटल्यावर आपल्या जिल्ह्यातल्या किती जिल्हा परिषद शाळांत ती खरोखर पोचली, कुणी दिली, कुठे एकही आलं नाही, हे शाळेचं नाव लिहून छापा. प्रोटीनवर पान करायचंच तर ते करा, मी ते पण कापून फ्रिजवर लावीन.

आपली,
एक निवृत्त विज्ञान शिक्षिका, सांगली

ता. क. पत्र पाठवायच्या आधी आईंना वाचून दाखवलं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाकी ठीक आहे, पण माझं वजन पेपरात कशाला गं?" तर ४२ किलो काढलंत तरी चालेल, फक्त मग पस्तीसचा हिशेब वाचकांना लागणार नाही, काय ते तुम्ही बघा.